वर जाणारा पाइप

त्या प्लंबरला मी चारचौघांत बोललो, ते अजून खुपतं.

वाशिममध्ये घरात समुद्र कशाला, हे आईने विचारून झालंय. बैठकीत ४ फूट लांब, दीड फूट रुंद काचेची टाकी. पंप, हीटर, गाळणी सगळं तळघरातल्या खालच्या टाकीत. वर दगड आणि दोन क्लाउनफिश. जिवंत प्रवाळ नाहीत. दगडी प्रवाळ २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोणी गुपचूप विकत असला तरी घेऊ नये.

मी अभ्यास केला तो उतरणाऱ्या पाण्याचा. त्याला तीन पाइप: एक व्हॉल्व्ह लावून तुडुंब वाहणारा, दुसऱ्यातून बारीक धार, तिसरा कोरडा, तुंबलंच तर. वर जाणाऱ्या पाइपाचं तोंड मात्र दिसायला बरं म्हणून ४ इंच पाण्याखाली ठेवलं.

सोल्युशन लावता लावता प्लंबर म्हणाला होता, "भाऊ, या पाइपाले पान्याच्या बरोबरीत एक भोक पाडू द्या. लाइट गेली का पानी उलटं येते. विहिरीतला फुटवॉल गळका असला का होते ना, तसं." मी म्हटलं, नको, फवारा उडेल.

मे संपता संपता वादळ आलं, रात्री लाइट गेली. सकाळी तळघरात ओल, आणि आईने पेरणीसाठी राखलेल्या सोयाबीनच्या पोत्यांना खालून पांढरी किनार. पाइपाच्या तोंडापर्यंतचं ४ इंच पाणी उलटं आलं, म्हणजे २ घनफूट, ५६ लिटर. खाली मोकळी जागा जेमतेम २५ लिटरची. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ; किलोभर मीठ माझ्या घरच्या बियाण्यात.

प्लंबरला बोलावून मी वाट्टेल ते बोललो. त्याने उत्तर दिलं नाही. ड्रिलने ३ मिलिमीटरचं भोक पाडलं, पंप बंद केला. पाणी बोटभर उतरलं, भोक उघडं पडलं, सुर्र आवाज झाला आणि उतरणं थांबलं. पैसे न घेताच गेला.

हौस असेल तर आधी खालची टाकी पुरेशी रिकामी ठेवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका, मीठ-शेवाळाने तो अडकतो. भोकही शेवाळाने बुजतं. मी दर रविवारी काडी घालतो.

काडी घालताना दर वेळी वाटतं, त्याची माफी मागायला हवी. आणि हेही वाटतं की एवढं कळत होतं, तर त्याने माझं ऐकलंच कशाला?