मॉलीच्या ओठावरचा कापूस

३ ऑक्टोबर, गुरुवार
घटस्थापना. काळ्या मॉलीच्या ओठावर पांढरं काहीतरी. खाण्याचा कण असेल.

४ ऑक्टोबर
कण नव्हे. भिंगातून पाहिलं. खालच्या ओठाला पांढरट पुंजका, कडेला करडा. खाणं टाकल्यावर वर आली, तोंड उघडलं, तशीच परत फिरली. टाकीतलं पाणी ३० अंश. घरात वाऱ्याचं नाव नाही.

५ ऑक्टोबर
दुकानदाराला फोटो पाठवला. लगेच उत्तर : "फंगस आहे मॅडम, निळं औषध घाला." म्हणजे मिथिलीन ब्लू. ते मोठ्या टाकीत घालायचं नाही. फिल्टरच्या स्पंजात अमोनिया पचवणारे जिवाणू असतात, ते मेले तर उरलेले मासेही जायचे. मॉलीला वेगळ्या टबात घेतलं. टब निळा, मोरी निळी, माझी नखं निळी. ह्यांनी विचारलं, रंगपंचमी लवकर आली का.

६ ऑक्टोबर, रविवार
मॉली तशीच. दोन गप्पी गेले. एकाच्या पाठीवर वरच्या पराखाली फिकट पट्टा, दोन्ही अंगांना खाली उतरलेला. काल संध्याकाळी नव्हता. बुरशी इतक्या घाईने पसरते?
आई म्हणाल्या, "तुळशीत पुरू नकोस हं." एकाला कढीपत्त्याच्या कुंडीत जागा दिली. पट्टेवाला डबीत घालून फ्रिजमध्ये, उद्या शाळेत न्यायचा. डबी उपवासाच्या भगरीशेजारी आहे. आईंना सांगितलेलं नाही.

७ ऑक्टोबर
मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसले. पट्ट्यावरचा चिकट थर ब्लेडने हलकेच खरवडला, टाकीच्याच पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप. ४०० पट.
बुरशी असती तर फांद्या फुटलेले जाड धागे दिसले असते. पावावरची बुरशी दर वर्षी मुलांना दाखवते, ती ओळखायला चुकायची नाही. इथे धागे नाहीतच. नुसत्या बारीक लांब काड्या. वाकतात, पुन्हा सरळ होतात, काचेवरून सरकत जातात. आधी वाटलं पाणी हलतंय. पाणी स्थिर होतं. थोड्या वेळाने त्या खवल्याच्या कडेला गोळा व्हायला लागल्या. बघता बघता ढीग. शेजारी दुसरा. भातकापणीनंतर खळ्यावर उडव्या रचतात तशा. घंटा झाली तरी उठवेना. शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले.
रात्री भाच्याला फोन केला. रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेला. वर्णन पुरं व्हायच्या आतच म्हणाला, "मावशी, कॉलम्नॅरिस." हेच ढीग डेव्हिस नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये मिसिसिपीतल्या माशांवर पाहून लिहून ठेवले होते म्हणे. बुरशी नाही, जिवाणू. निळं पाणी फेकलं.

८ ऑक्टोबर
खालच्या मजल्यावरचे काका येऊन टाकी बघून गेले. "हीटर लाव, ३२वर ने. माझे मासे असेच बरे झाले." त्यांच्या माशांना पांढरे ठिपके आले होते. तो परजीवी, त्याला ऊन पाणी मानवत नाही. ह्या रोगाचं उलटं, जितकं ऊन पाणी तितका तो चेकाळतो. काकांना चहा दिला, हीटर परत दिला.
झाकण काढून टेबलफॅन पाण्यावर सोडला. बर्फाची छोटी बाटली, एका वेळी एकच, एकदम गार नको. रात्री २७.

९ ऑक्टोबर
दुकानदार पुडीत पिवळी पावडर देत होता. "चिमूटभर टाका, सगळ्यावर चालते." कसली, ते त्यालाही ठाऊक नाही. नको म्हटलं. असल्याच चिमटींनी जिवाणू औषधाला निर्ढावतात.
भाच्याच्या ओळखीच्या पशुवैद्यांनी चिठ्ठी दिली, ऑक्सिटेट्रासायक्लीन. मेडिकलवाल्याने चिठ्ठीचा वरचा भाग वाचलाच नाही.
"पेशंटचं नाव?"
"मॉली."
"वय?"
"दीड वर्ष."
"अहो, एवढ्या लहान बाळाला टेट्रासायक्लीन देत नाहीत!"
माणूस चांगला आहे. त्याचं बरोबरच होतं.

१० ऑक्टोबर
औषध फक्त टबात. टबात मॉली आणि पट्टा दिसू लागलेल्या दोन गप्पी. मीठही टबातच, लिटरला एक ग्रॅम, साधं, आयोडीन नसलेलं. मॉलीला खारं पाणी मानवतं. मोठ्या टाकीतल्या कोरी माशांना सोसत नाही, त्यांच्याकडे फक्त गारवा आणि स्वच्छ पाणी. औषध उजेडात खराब होतं म्हणून टबावर जुनी ओढणी. लेक सारखी ओढणी उचलून बघते. ओरडले.

११ ऑक्टोबर
पहाटे टबातली एक गप्पी गेली. लेकीला शाळेतून आल्यावर सांगितलं.

१२ ऑक्टोबर, दसरा
लेकीने टाकीलाही झेंडूचं तोरण बांधलं. फुलं पाण्यात पडणार नाहीत अशा बेताने सरकवलं.
मॉलीच्या ओठावरचा पुंजका गळून गेला. खाली ओठच नाही. डाव्या बाजूला अर्धवट खाच, आतलं गुलाबी मांस दिसतं. कल्ले मात्र सावकाश हलताहेत, परवासारखी पृष्ठभागाला येऊन धापा टाकत नाही.

१३ ऑक्टोबर
विळीवर नारळ खवताना बोट कापलं. आता हातमोजे. माशांच्या पाण्यातून माणसाच्या जखमेत जाणारा एक वेगळा जिवाणू असतो, क्षयरोगाच्या जिवाणूच्या कुळातला. महिनोन् महिने न भरणारी गाठ येते. आईंना हे सांगितलं असतं तर टाकी आजच जिन्यात गेली असती.

१५ ऑक्टोबर
मोठ्या टाकीत अमोनिया तपासला. थेंब घातल्यावर पाणी पिवळंच राहिलं, हिरवट छटा नाही. म्हणजे स्पंज शाबूत. तो नळाखाली धुवायचा नाही असं ह्यांना पुन्हा बजावलं, क्लोरीन असतं त्यात. पंख्यामुळे पाणी भराभर आटतंय. रोज रात्री बादली भरून ठेवते, सकाळी क्लोरीन घालवायचे थेंब टाकून भर घालते.
पाणी २५. कोरी वाळू उपसताहेत, शुंभ.

१६ ऑक्टोबर, कोजागरी
गच्चीवर सगळी सोसायटी. मसाला दूध घेऊन खाली पळाले, टबातलं पाणी बदलायची वेळ. काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मग, हीटर?"

१९ ऑक्टोबर
औषधाचा शेवटचा दिवस. चार दिवस आधीच ह्यांना वाटत होतं, बरी दिसतेय, पुरे आता. ठरलेले दिवस पुरे केले.
टबातलं उरलेलं पाणी कुंड्यांना घातलं नाही.

२१ ऑक्टोबर
सहामाहीचे पेपर. आठवीच्या एकाने लिहिलंय, "जिवाणू हे नेहमी उपद्रवी असतात." अर्धा गुण कापला. समासात "फिल्टर?" लिहिलं, मग खोडलं. त्याला काय कळणार.

२३ ऑक्टोबर
मॉलीने खाल्लं! मोठे तुकडे सुटतात, पकडायला ओठ नाही. खाणं चिमटीत पूड करून टाकलं तर डोकं तिरकं करून उजव्या बाजूने ओढते. निम्मं बाहेर सांडतं. सायफनने काढावं लागतं, नाहीतर तेच कुजायचं.

२५ ऑक्टोबर
मॉली आणि उरलेली गप्पी मोठ्या टाकीत. गप्पीच्या पाठीवर खवले विरळ आहेत, पट्ट्याची जागा अजून ओळखू येते. टब, जाळी, नळी सगळं धुऊन कडकडीत उन्हात वाळवलं.
दुकानदाराचा फोन : "दिवाळीला नवीन माल आलाय, बलून मॉली, ऑरेंज." आत्ता नाही म्हटलं. आणल्या तरी महिनाभर टबात राहतील. "एवढं कोण करतं मॅडम?" लेकीने ऐकलं, फुरंगटली.

२७ ऑक्टोबर, रविवार
पाणी २६. दोन दिवस पुन्हा उकडतंय, पंखा इतक्यात काढता यायचा नाही. ह्यांनी आकाशकंदील लावला आणि पंख्याची पिन काढून कंदिलाची वायर तिथे खुपसली. दुसरा प्लग शोधा म्हटलं. बाल्कनीत दुसरा नाही म्हणतात. मग एक्स्टेन्शन आणा, दुकानं उघडी आहेत.