शिक्षा, पण इजा नाही

वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे आमच्या दुकानामागील वखारीत, पोत्यांच्या आडोशाला एक कुत्री व्याली. दोन आठवड्यांत पिल्लांचे डोळे उघडले. चौथ्या आठवड्यात दुधाचे दात टोचू लागले आणि तिच्या संगोपनाची रीत पालटली.

ती पिल्लांशी खोटी झटापट करी, पाठीवर लोळून मुद्दाम हार पत्करी. एखाद्याने जोराने चावा घेतला की प्रथम केवळ गुरगुरे. तेवढ्याने न भागल्यास त्याचे तोंड क्षणभर जबड्यात अलगद दाबी. तरीही न ऐकल्यास उठून निघून जाई. पिल्लू नमले की लगेच त्याला चाटी. हाडे फोडणाऱ्या त्या दातांचा ओरखडाही कधी उमटला नाही.

चावा आवरण्याचे हे शिक्षण आई व भावंडांच्या सहवासातच होते. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. मुलांच्या हट्टापायी रस्त्यावरचे पिल्लू उचलून आणतानाही तेवढा धीर धरावा.

आपण मात्र हिशेबात चुकलेल्या मुलाला गिऱ्हाइकांसमोर बोलतो आणि तो राग रात्रीच्या जेवणापर्यंत पुरवतो. चूक झाली त्याच क्षणी, बेताने समज द्यावी आणि लगेच त्याला जवळ घ्यावे, एवढे तरी त्या मातेकडून शिकता येईल.