दोन चमचे पाणी

चामोर्शीच्या बाजारपेठेत किराणा आणि धानाचा व्यापार करणारे एक जुने घर आहे. घरातील कर्त्या पुरुषास सारा गाव ‘बाबूजी’ म्हणतो. त्यांच्या धाकट्या चिरंजीवाने नागपूरहून आपल्या डिझेल गाडीला हवा ओढणारा नवा पाइप बसवून आणला, तेव्हा बाबूजींनी एवढेच विचारले, “कंपनीने दिलेला डबा काय वाईट होता?” मुलगा म्हणाला, “बाबूजी, याने थंड हवा जास्त मिळते, इंजिनाला जोर येतो.” जुना डबा दुकानामागील गोदामात गेला.

मुलाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. थंड हवा घन असते. तीत प्राणवायू अधिक असतो. म्हणूनच असे पाइप इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, बहुधा बंपरच्या मागे खाली उतरविलेले असतात. टोकाला सुती जाळीचा शंकूसारखा फिल्टर असतो. लोहखनिजाच्या मालमोटारींनी उडविलेली आष्टी मार्गावरील धूळ तो अडवू शकतो. परंतु बुडाल्यावर पाणी अडविणे हे त्याचे काम नव्हे. कंपनीच्या डब्याचे तोंड सहसा उंचावर, बॉनेटच्या कडेजवळ असते. ती उंची शोभेसाठी ठेवलेली नसते.

चामोर्शी तालुक्यात पावसाळा हा हिशेबात धरावाच लागतो. मार्कंडा येथे उत्तरवाहिनी झालेली वैनगंगा भरली की तिला मिळणारे नाले मागे फुगतात. वर गोसेखुर्दच्या ३३ दरवाजांतून विसर्ग वाढला की खाली रपटे पाण्याखाली जातात. अशाच एका श्रावणातील सायंकाळी मुलगा वसुली आटोपून परतत होता. रपट्यावर गुडघ्याच्या खालीच पाणी होते. पुढे गेलेली एक गाडी पार झाली, म्हणून यानेही गाडी घातली. मध्यावर समोरून मालमोटार आली. तिच्या लाटेने बंपर क्षणभर बुडाला. इंजिन एक ठोका देऊन थांबले. घाबरून त्याने पुन्हा किल्ली फिरविली. आतून ‘ठक्’ असा आवाज आला आणि सारे शांत झाले. गावकऱ्यांनी दोर बांधून गाडी ओढली. जीव वाचला, ही मोठीच गोष्ट.

इंजिन उघडल्यावर एक कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला. याचे गणित सोपे आहे. चार सिलिंडरांच्या २००० घन सेंटिमीटर इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा वाटा ५०० चा. डिझेल इंजिनात हवा सुमारे १६ पट दाबली जाते. म्हणजे दट्ट्या वर पोहोचल्यावर शिल्लक जागा उरते जेमतेम ३३ घन सेंटिमीटर. दोन मोठे चमचे! हवा दबते, पाणी दबत नाही. त्याहून अधिक पाणी आत गेले की दट्ट्याला जागाच नसते आणि मधला पोलादी दांडा वाकतो. इंजिन बंद पडल्यावर पुन्हा चालू करणे म्हणजे वाचलेलेही मोडणे.

खरी परीक्षा पुढे होती. दुरुस्तीचा अंदाज नव्या इंजिनाच्या जवळ गेला. कार्यशाळेतील एका हितचिंतकाने सुचविले, “जुना डबा परत बसवू. गाडी दारात उभी असताना पुराचे पाणी शिरले, असे अर्जात लिहा.” मुलाने वडिलांकडे पाहिले. बाबूजी म्हणाले, “उधारीची वही मी कधी खोटी लिहिली नाही, विम्याचा अर्ज ही तशीच वही आहे. जे झाले तेच लिही.”

तसेच लिहिले गेले. पुराने झालेले नुकसान साध्या विम्यात धरले जाते. परंतु पाणी ओढल्याने वा पुन्हा चालू केल्याने इंजिन मोडले, तर ते परिणामी नुकसान मानून बहुधा वगळले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. ते या घराने घेतले नव्हते. गालिचा व वायरिंगचे पैसे मिळाले, इंजिनाचे नाहीत. ती रक्कम मुलाने दुकानातील आपल्या उचलीतून वर्षभर फेडली. बाबूजींनी त्याला एकही कठोर शब्द ऐकविला नाही. मात्र हप्ताही एकदा सोडला नाही.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात अडकल्या. तो धडा महानगराचाच, असे आपण समजतो. भामरागडचा मार्ग पर्लकोटेच्या पुराने अडतो, हे ठाऊक असूनही समजतो.

प्रत्येक घराने पावसाळ्यापूर्वी एवढे करावे. आपल्या गाडीचा हवेचा मार्ग कोठून सुरू होतो, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे व टेपने त्याची जमिनीपासून उंची मोजावी. बदल केला असल्यास विमा कंपनीस कळवावे. पाण्यात गाडी बंद पडली, तर किल्लीला हात न लावता ती ओढून न्यावी. इंजेक्टर काढून आतले पाणी बाहेर निघेपर्यंत इंजिन फिरवू नये. आणि वाहत्या रपट्यावर, पाणी कितीही उथळ दिसो, थांबावे.

त्या घरातील जुना डबा पुढील मृगापूर्वीच गोदामातून निघून गाडीवर बसला. मुलाने तो स्वतः पुसून दिला. आता नाला भरला की तो अलीकडच्या खेड्यात ओळखीच्या दुकानदाराकडे रात्र काढतो आणि घरी फोन करतो. “बाबूजी, आज येत नाही.” पलीकडून उत्तर येते, “बरे केलेस.”