अंदान्ते आलेग्रो

गेले कित्येक आठवडे आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ एकच सुरावट चालू आहे. आता कुकरची शिट्टीसुद्धा मला त्याच चालीत ऐकू येते! लेकीच्या शाळेत कार्यक्रम आहे आणि त्यात ती हॅण्डेलच्या हार्प कॉन्चेर्टोचा पहिला भाग वाजवणार आहे. सगळा मिळून पाच-सहा मिनिटांचा.

आम्ही कार्डिफला राहतो. वेल्समध्ये हार्पचं कौतुक फार, त्यामुळे आमच्या कन्येलाही ते वेड लागलं. सध्या हॉलमध्ये भाड्याने आणलेली भलीमोठी हार्प उभी आहे. ४७ तारा, खाली सात पेडल. ही रचना बी फ्लॅट मेजरमध्ये आहे. त्यासाठी डाव्या पायाने बी चं पेडल वर, उजव्या पायाने ई चं वर, बाकीची पाच मधल्या खाचेत. हे लावून बसलं की मग करंगळी सोडून बाकीच्या आठ बोटांचं काम सुरू.

पुण्याहून माझे बाबा आलेत. चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवलेला माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "अगं, ही तर काळी पाच! आणि थाट बिलावल." झालं, आजोबा आणि नात यांची युती झाली.

पण बाबा आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. आम्हाला बस पकडायची होती. बाबा मागे राहत होते आणि मी वळून वळून "बाबा, चला ना पटपट" करत होते. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते खरंच घाईने निघाले आणि फुटपाथच्या कडेला पाय मुडपून पडले. घोट्याला बारीक फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर. विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, "माझंच लक्ष नव्हतं." मी शेजारी उभी असायचे आणि गप्प बसायचे. प्लास्टर निघालं, पण त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. काठी घेऊन सोफा ते स्वयंपाकघर, बस्स.

असो. तर परवा लेक ती सुरावट दामटत होती. बाबा म्हणाले, "थांब. वर लय काय लिहिलीय?"

"अंदान्ते आलेग्रो."

"म्हणजे?"

तिच्या बाईंनी तिला सांगितलेलं होतंच. अंदान्ते हा शब्द इटालियनमधल्या 'चालणे' या क्रियापदावरून आलेला. आलेग्रो म्हणजे खरं तर आनंदी, प्रसन्न. आपण सगळे त्याचा अर्थ 'जलद' असाच घेतो. हिनेही नेमकं तेच केलं होतं. हॅण्डेलने हे १७३६ साली लिहिलं. मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं १८१५ साली. म्हणजे मिनिटाला ठोके किती, हे त्या कागदावर असणं शक्यच नव्हतं. दोन शब्द फक्त. चालत, पण आनंदात.

मग मलाही वाचायची हुक्की आली. 'अलेक्झांडर्स फीस्ट' या हॅण्डेलच्या मोठ्या गायनकृतीत हा कॉन्चेर्टो लंडनला पहिल्यांदा वाजला. अलेक्झांडरच्या मेजवानीत टिमोथियस नावाचा वादक आपल्या वाद्याने राजाला वाटेल तसं हलवतो: कधी गर्व, कधी करुणा, कधी सूड. पण टिमोथियसचं वादन म्हणून जे कानावर येतं ते किती मऊ! व्हायोलिनना सूरदाणी लावून आवाज दबका केलेला, खालचे खर्ज बोटांनी छेडायचे, जोडीला दोन रेकॉर्डर बासऱ्या. हार्पचा नाजूक आवाज बुडू नये म्हणून सगळे जपून चालतात. बलवान मंडळींनी दुबळ्याच्या चालीने चालायचं, असा मामला.

मधला संथ भाग जी मायनरमध्ये आहे. बाबांच्या भाषेत पांढरी पाच, आसावरी थाट. "सूर जवळजवळ तेच," ते म्हणाले, "फक्त सा उचलून धैवतावर ठेवला. बघ, लगेच डोळ्यांत पाणी."

मग नातीला म्हणाले, "आता पहिला भाग परत वाजव. चालणारा माणूस आनंदात कधी असतो सांगू? मागून कुणी ढकलत नसतं तेव्हा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटतं, त्यांच्या मनात तसं काही नव्हतंही. पण माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. लेकीने पुन्हा सुरुवात केली. तेच सूर, पण आता दोन सुरांमध्ये श्वास घ्यायला जागा होती.

रात्री जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी घाई केली. माझं चुकलं."

ते बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझे बूट कुठे ठेवलेस?"

आम्ही कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाऊन आलो. एरवी चार मिनिटांचं अंतर, आम्हाला वीस मिनिटं लागली. मी अर्धं पाऊल मागे होते. परतताना बाबा काहीतरी गुणगुणत होते. सूर काळी पाचचाच असावा.

कार्यक्रम शनिवारी आहे. शाळा बसच्या दोन थांब्यांवर. बाबा म्हणतात, चालत जाऊ. तासभर आधी निघायचं ठरलंय.