नेपाळच्या वाटेवरचें ओझें

साठी उलटलेल्या गृहस्थानें काशी-रामेश्वर करावें, हें आमच्याकडे रीतीस धरून आहे; पण त्यानें जाड बूट चढवून नेपाळांतील पांच हजार मीटरांवरची खिंड पायीं ओलांडावी, हें घरांत प्रथम कोणासच रुचलें नाहीं. मी संस्कृताचा मास्तर. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांतील हिमालयवर्णन मीं वर्षानुवर्षें मुलांना शिकविलें. त्यांतील भूर्जवृक्षाची साल दिसते कशी, असें एखाद्यानें विचारलें कीं कोशांतला अर्थ सांगावा आणि पुढच्या श्लोकाकडे वळावें, असा क्रम. पेन्शन सुरू झाल्यावर ती साल एकदां हातानें चांचपून पाहण्याची इच्छा बळावली. अन्नपूर्णा पर्वतसमूहास वळसा घालणारी वाट मनांगच्या आसपास भूर्जांच्या रानांतून जाते, आणि शेवटची खिंड उतरली कीं समोर मुक्तिनाथ. डोंगर आणि दर्शन दोन्ही एका फेरींत साधतात, हा माझा युक्तिवाद अखेर मान्य झाला.

वाट मर्स्यांगदी नदीच्या कांठाकांठानें चढते. बेसीसहर, चामे, पिसांग, आणि मग सुमारें 3,500 मीटरांवरचें मनांग. तेथून याक खर्का व थोरोंग फेदी असे मुक्काम करून 5,416 मीटर उंचीची थोरोंग ला ही खिंड गांठावयाची, आणि त्याच दिवशीं पलीकडे जवळजवळ सोळाशें मीटर उतरून मुक्तिनाथ. आपलीं तीन कळसूबाई शिखरें एकावर एक रचलीं तरी थोरोंगचा माथा वरच राहील. भारतीयांस नेपाळांत व्हिसा लागत नाहीं; पारपत्र किंवा मतदाराचें ओळखपत्र पुरतें. मात्र 1 एप्रिल 2023 पासून अशा वाटांवर परवानाधारक वाटाड्या बरोबर घेण्याचा नियम झाला आहे, आणि आमच्या वयास तो मला योग्यच वाटतो.

मेघदूतांतला यक्ष मेघास वाट सांगतांना, थकशील तेथें डोंगरावर टेक, अशी सोय करून देतो. प्रवासी कंपन्यांच्या छापील पत्रकांत ती बहुधा नसते. आमच्याकडे आलेल्या पत्रकांत मनांगचा विसाव्याचा दिवसच गाळलेला होता. वैद्यकशास्त्राचा नियम असा, कीं तीन हजार मीटरांच्या वर झोपण्याची उंची रोज पांचशें मीटरांहून अधिक वाढवूं नये, व दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस तेथेंच थांबावें. गेले सहा महिने मी दर रविवारीं पाठीवर पांच किलो गहूं घेऊन सिंहगड चढतों. त्यानें मांड्या बळकट झाल्या, नवे बूट पायांस सरावले. पण विरळ हवेचा अभ्यास सिंहगडावर होत नाहीं, आणि तेथें धडधाकट माणसाचेंही डोकें ठणकूं लागतें. डोकें दुखून मळमळूं लागलें तर वर जावयाचें नाहीं. चालतांना झोक जाऊं लागला तर रात्र असो वा दिवस, खालीं उतरावयाचें. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचें मदत-केंद्र हंगामांत उघडें असतें. तेथें एक दुपार बसून ऐकावयाचें ठरविलें आहे. याशिवाय एक दिवस मीं अगदीं मोकळा राखला आहे. 2014 च्या ऑक्टोबरांत विशाखापट्टणमास धडकलेल्या हुदहुद वादळाचा शेष या खिंडीवर हिमवर्षाव होऊन कोसळला, आणि त्या भागांत चाळिसांहून अधिक माणसें दगावलीं. हवा बिघडली तर बसून राहण्यास दिवस हाताशीं असावा.

आतां सामानाविषयीं. आमचे एक स्नेही, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, बरोबर आहेत. दोघांत मिळून एक हमाल; तिकडे त्यास भरिया म्हणतात. नाम्लो नांवाचा पट्टा कपाळावर घेऊन त्याच्या बळावर तो पाठीवरचें ओझें तोलतो. “काळजी करूं नका, आमचा माणूस तीस किलो सहज उचलतो,” असें कंपनीच्या गृहस्थांनीं फोनवर सांगितलें. त्या सहज या शब्दापाशीं मी अडलों. उचलणारा मनुष्य फोनवर नव्हता. मीं वीस किलोंची मर्यादा घातली, प्रत्येकीं दहा. पाणी, पावसाळी डगला आणि औषधें आमच्या आमच्या पाठीवर.

त्या दिवसापासून आमच्या माजघरांत तराजू मांडलेला आहे. पूर्वीं सामान बांधतांना “असूं द्या, लागेल” म्हणून कांहींही आंत जाई. आतां जें जें वळकटींत घालावें, तें एका अनोळखी मनुष्याच्या कपाळावर जाणार, हें डोळ्यांपुढें असतें. सुती कपडे गेले, कारण ते घामानें भिजले कीं वाळत नाहींत व अंग गारठवितात. त्यांच्या जागीं लोंकरीचे दोन जोड आले. धोतर एकच, तें मुक्तिनाथाच्या देवळापुरतें. पिसांचें जाकीट व निजावयाची उबदार पिशवी पोखऱ्यास भाड्यानें मिळते. ती विकत घेऊन पुढें माळ्यावर कशास ठेवावी? संध्येचें ताम्हन, पळी व पंचपात्र कांट्यावर ठेवलें तें सातशें ग्रॅम भरलें. मानसपूजेस शास्त्राची संमति आहे, एवढें आठवून तें देव्हाऱ्यांत परत ठेवलें. दोन पोथ्या होत्या, त्याही राहिल्या. पाठ आहे तेवढें पुरे.

घरांतून स्टोव्ह, तुरीची डाळ व तांदूळ यांचा आग्रह होता. पण मनांगच्या उंचीवर पाणी सुमारें 88 अंशांवरच उकळतें, आणि प्रेशर कुकरावांचून डाळ शिजत नाहीं. शिवाय वाटेवरच्या धर्मशाळावजा घरांचा चरितार्थ जेवणावरच चालतो; त्यांच्या छपराखालीं निजून आपली चूल मांडणें मला तरी प्रशस्त वाटत नाहीं. तेथें डाळ-भात मिळतो. मेतकूट, सुंठ आणि लिंबाचें गोड लोणचें मिळून चारशें ग्रॅम, यावर तडजोड झाली.

कंपनीकडे मीं लेखी विचारणा केली, कीं भरियास बूट, जाकीट व काळा चष्मा आहे काय, त्याचा विमा उतरविला आहे काय, आणि तो आजारी पडल्यास त्याच्याबरोबर खालीं कोण जाईल? पुष्कळांचा समज असा, कीं डोंगरच्या माणसास उंची बाधत नाहीं. वस्तुतः बरेच भरिये सखल खोऱ्यांतून आलेले असतात आणि त्यांस ती आमच्याइतकीच बाधते. 1997 मध्यें नेपाळांत एका तरुण भरियास असा आजार झाला असतां पैसे चुकते करून त्यास एकट्यालाच खालीं धाडण्यांत आलें. तो वांचला नाहीं. भरियांच्या रक्षणासाठीं इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रूप ही संस्था त्यानंतर निघाली. माझ्या पत्रास पहिलें उत्तर दराविषयीं आलें. दुसरें पत्र पाठविल्यावर सर्व प्रश्नांचीं उत्तरें आलीं, आणि दर दिवसाला थोडा वाढला. तो मीं आनंदानें कबूल केला. आमच्या स्वतःच्या विम्याच्या कागदांतही बारीक अक्षरांत चार हजार मीटरांची मर्यादा निघाली. तो बदलून घ्यावा लागला. ज्येष्ठ वाचकांनीं ती ओळ अवश्य शोधावी.

निघण्याचा दिवस कोजागरी उलटल्यावरचा धरला आहे. नेपाळांत दशैंचा सण त्या पौर्णिमेपर्यंत चालतो. भरियानें तो आपल्या घरीं मुलांबाळांत करावा.

राहिल्या आमच्या सौभाग्यवती. गुडघ्यांमुळें त्या चालणार नाहींत. पोखऱ्याहून जीपनें थेट मुक्तिनाथास येऊन आम्हांस भेटणार. धोका काय तो आम्हां चालणारांस, असा सर्वांचा ग्रह. मला उलट वाटतें. आम्ही दहा-बारा दिवसांत जी उंची गांठणार, ती जीप एका दिवसांत गांठते. पोखरा सुमारें आठशें मीटरांवर आणि मुक्तिनाथ साडेतीन हजारांच्या वर! तेव्हां त्यांच्यासाठीं तातोपानीस एक व मार्फ्यास दोन मुक्काम आंखले आहेत. आमचा मनांगहून फोन येईल. परत फिरलों असें कळलें तर त्यांनीं आमची वाट न पाहतां दर्शन घ्यावें आणि त्याच दिवशीं जोमसोमास उतरावें, एवढें ठरलें. हें ठरवितांना त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग फोनचा आंकडा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मागितला.

मुक्तिनाथाच्या एकशेंआठ धारांखालीं कार्तिकाच्या थंडींत स्नान करावें कीं नुसतें प्रोक्षण पुरे, हा वाद मात्र अजून चालू आहे.