माजघरातला खांब

पुण्याच्या जुन्या पेठांत घराचा विस्तार चौरस फुटांत सांगण्याची रीत अलीकडची असून दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत तो खणांत सांगितला जाई. खण म्हणजे लगतच्या दोन खांबांमधली जागा. सागाची तुळई न वाकता किती लांबीपर्यंत वजन पेलेल या सुताराच्या अंदाजावर ती ठरत असल्यामुळे मालक सरदार असो की भिक्षुक, दोघांच्याही घरांत खणाच्या मापात फारसा फरक पडत नसे. फरक पडे तो खणांच्या संख्येत. घराचा भार मुख्यतः लाकडी सांगाड्याने वाहायचा आणि विटामातीच्या भिंतींनी मधली जागा भरून काढायची, ही या बांधणीची मूळ कल्पना होय. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला तेव्हा तट, बुरूज, दरवाजे आणि दगडी जोती मागे उरली व राहण्याचा सारा भाग गेला, याचे कारणही हेच, की माणसे जेथे राहत होती तेथे लाकूड होते.

सांगाडा तसाच ठेवून मधली जागा हवी तशी अडवता वा मोकळी करता येत असल्याने वाड्याचा अंतर्भाग पुष्कळ बदल निमूटपणे सोसतो. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबागवाड्यात पेशवाई बुडाल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १८२१ मध्ये, संस्कृत पाठशाळा भरू लागली आणि पुढे तेथे कचेऱ्याही आल्या, पण रस्त्यावरचे सुरूच्या आकाराचे खांब व त्यांवरचा कोरीव सज्जा पाहणाऱ्याला या उलथापालथीचा पत्ताही लागत नाही. तेव्हा वाड्याचे आतून आधुनिकीकरण ही आजच्या काळाची आगळीक आहे असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो आत काय काय होते हे ठरवण्याचा.

शनिवार पेठेत नदीच्या बाजूला असलेला, एका चौकाचा आणि दोन मजल्यांचा एक वाडा येथे उदाहरणादाखल घेता येईल. त्याचा इतिहासाच्या ग्रंथांत उल्लेख नाही आणि तेथे कोणी थोर पुरुष जन्मला नाही. मोठ्या दरवाज्यातच कापलेल्या लहान दिंडी दरवाज्याने वाकून आत गेल्यावर देवडी, म्हणजे पूर्वी पहारेकऱ्याने बसावयाची जागा, लागे. त्यापुढे फरसबंद चौक, चौकाच्या कडेने एक पायरी चढून ओसरी, ओसरीहून चार बोटे उंच सोपा आणि सोप्याहून आणखी उंबरठाभर उंच माजघर अशी ही जमीन आत जाता जाता चढत जाई. या चढत्या पातळ्यांत मानापमानाचा भाग होताच, कारण कोणत्या पायरीपर्यंत कोणी यावे हे प्रत्येकाला न सांगता ठाऊक असे. परंतु धुतलेले पाणी आपोआप आतून बाहेर जावे आणि पावसाचे पाणी बाहेरून आत येऊ नये, हा साधा हिशेबही त्यात होता. भिंती दोन हात रुंद, बाहेरून पक्क्या विटा आणि पोटात पांढरी माती. भिंतीच्या जाडीतच धान्य साठवण्यासाठी ठेवलेल्या पोकळीला बळद म्हणत, आणि या घरातील बळदाला खाली इतके लहान तोंड होते की त्यातून तांदूळ काढण्याचे काम परंपरेने लहान मुलांच्या हाताकडेच असे.

या घराचे पहिले आधुनिकीकरण पाण्याने केले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचा लोंढा शहरात शिरला तेव्हा नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाड्यांच्या भिंती पोटातली माती विरघळून जागच्या जागी बसल्या. हा वाडा दगडी जोत्यामुळे उभा राहिला. मात्र भिंतींना ओल धरली, लोणा लागला, म्हणजे मातीतले क्षार पृष्ठभागावर फुलून आले, आणि तो दाबण्यासाठी चुन्याचा गिलावा खरवडून त्या जागी सिमेंटचा गिलावा करण्यात आला. घाणीत मळलेला चुना ओल शोषतो आणि उन्हाळ्यात ती सोडूनही देतो. सिमेंट तिला कोंडून धरते. कोंडलेली ओल भिंतीत वर चढत जाते आणि जेथे तुळयांची टोके भिंतीत रोवलेली असतात तेथे पोचून लाकूड आतून कुजवू लागते. ती टोके भुसा होऊन निघेपर्यंत चाळीस वर्षे गेली. पुढे आलेल्या वास्तुतज्ज्ञांनी याचे खापर सागाच्या वयावर फोडले, आणि त्या सागाची बाजू मांडणारे कोणी त्या वेळी घरात उरलेले नव्हते.

मधल्या काळातील भाडेकऱ्यांविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली, दुरुस्ती मालकाला परवडेना आणि घर सोडणे भाडेकऱ्याला परवडेना, त्यामुळे सोप्याचे प्लायवूडने दोन भाग झाले आणि ओसरीवर तीन बिऱ्हाडांच्या तीन मोऱ्या आल्या. ही कहाणी पुण्यातील प्रत्येक वाड्याची आहे.

अलीकडे झालेले नूतनीकरण मात्र विचारपूर्वक, खर्चाची तमा न बाळगता आणि मालकांच्या शब्दांत सांगायचे तर ‘वाडापण राखून’ झाले. दिंडी दरवाजा खिळ्यांसह उजळला, गणेशपट्टीला रंग दिला, रस्त्याकडची खिडकी जुन्या नमुन्याप्रमाणे घडवून घेतली. आतली सर्व जमीन एका पातळीवर आणून तिच्यावर चकचकीत फरशी बसवली आणि सहा उंबरठे काढून टाकले. चौकावर पारदर्शक पत्रे आले. चौक हे वाड्याचे धुराडे असते; तापलेली हवा त्यातून वर निघून जाते आणि तिच्या जागी जाड भिंतींआडची गार हवा खोल्यांतून ओढली जाते. ते झाकल्यावर घर तापू लागले, म्हणून वातानुकूलन यंत्रे आली, आणि त्यांच्या नळ्या नेण्यासाठी बळदाची पोकळी आयतीच सापडली. बाळंतिणीच्या खोलीचे स्नानगृह झाले. कडीपाट, म्हणजे आडव्या कड्यांवर फळ्या टाकून केलेले छत, एका दशकात फॉल्स सीलिंगखाली दडवला गेला होता, तो पुढच्या दशकातील रुचीप्रमाणे पुन्हा उघडा करून चमकवण्यात आला.

यात बेकायदा काही नाही. मुंबईत १९९५ मध्ये आलेल्या वारसा नियमावलीनेही पहिल्या श्रेणीच्या इमारतींना आतून-बाहेरून संरक्षण दिले आणि त्याखालच्या श्रेण्यांत आतले बदल बव्हंशी मोकळे सोडले. रस्त्यावरून दिसते ते सर्वांचे आणि उंबरठ्याच्या आत आहे ते मालकाचे, हा त्यामागचा न्याय लोकशाहीला धरूनच आहे; फक्त उंबरठ्याच्या आत ज्यांचे सारे आयुष्य गेले त्यांची नोंद त्यामुळे कोणत्याच यादीत येत नाही.

वाड्याच्या आत जे होते त्यातील सर्वांत मोठी वस्तू अंधार ही होती. माजघराला बाहेरची खिडकी नसे. त्याचा उजेड चौकातून ओसरीवर, ओसरीवरून सोप्यात आणि सोप्याच्या दारातून आत असा तीनदा गाळून येई, आणि उन्हातून आलेल्या माणसाला तेथे काही दिसू लागण्यासाठी दाराशी क्षणभर थांबावे लागे. या थांबण्यामुळे आत बसलेल्यांना येणारा आधी दिसे आणि येणाऱ्याला ते मागाहून दिसत. ज्या घरात बायकांना दार लावून बसण्याची सोय नव्हती, तेथे डोळा सरावण्याचा हा एवढा अवधी हेच त्यांचे दार होते. आता त्या ठिकाणी छतात बसवलेले चौदा दिवे आहेत आणि माजघराला फॅमिली लाउंज असे नाव आहे.

शनिवार पेठेतील या माजघरात दुपारी दोन ते चार हा काळ घरातील आत्यांचा होता. त्या नात्याने मालकांच्या आत्या, पण भाडेकरू, भाजीवाली आणि पोस्टमनही त्यांना आत्याच म्हणत, आणि तीन पिढ्या त्यांचे पाळण्यातले नाव कोणी उच्चारले नसावे. लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन त्या माहेरी परतल्या, आणि परतल्या त्या वेळेपासून भांडी घासून, ओटी पुसून झाली की देवघराजवळच्या तिसऱ्या खणातील खांबाला पाठ लावून बसत. समोर कापसाची टोपली असे. वाती वळताना त्या पायावर हात घासत नसत, तळहातावर राख घेऊन दोन बोटांनी पीळ देत, आणि शंभर वाती झाल्या की एक वात आडवी ठेवत. हे सर्व न पाहता चाले. पाहायचे असे ते पलीकडे पसरलेले वर्तमानपत्र, जे घरातील पुरुषांकडून वाचून होऊन त्यांच्यापर्यंत यायला दुपार उजाडे, आणि जे त्या जाहिरातींसकट, मृत्युलेखांसकट, निविदांसकट वाचत. उन्हाळ्यात सव्वातीनच्या सुमारास चौकातल्या उन्हाचा कवडसा फरशीवरून उठून सोप्याच्या दारातून आत येई आणि खांबाच्या पायथ्याशी काही मिनिटे थांबे. तेवढ्या वेळात बारीक अक्षरांतला मजकूर उरकून घ्यायचा, असा त्यांचा परिपाठ होता. या वेळी कोणी मूल शेजारी येऊन बसले तर त्याला काही न बोलता वातीचा कापूस पिंजायला देत. या घराविषयी इतरांच्या आठवणी वेगळ्या आहेत आणि त्यांत आत्यांना फारशी जागा नाही. तो विस्मरणाचा भाग असावा असे मानणे हेच सौजन्याचे ठरेल.

त्या खांबावर, जमिनीपासून अडीच फुटांवर, एक काळसर डाग होता. रोज माथ्यावर चोपडलेले खोबरेल तेल पन्नास वर्षे लाकडात मुरून तो झालेला होता. अभ्यासकाच्या दृष्टीने त्या घरातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज हाच म्हणता येईल. आत्यांच्या आधीच्या पिढीत त्यांच्याच एक चुलत आत्या बालविधवा म्हणून याच माजघरात, बहुधा याच खांबाशी, आयुष्यभर बसल्या. परंतु त्या सोवळ्या होत्या, म्हणजे त्यांचे केशवपन झालेले होते आणि डोक्यावरून आलवण असे, त्यामुळे त्यांच्या बसण्याची कोणतीही खूण लाकडावर उमटणे शक्य नव्हते. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, सभा झाल्या, वर्तमानपत्रांत वाद झडले, आणि ते सर्व वळसे घेत घेत या अंधाऱ्या खोलीत पोचले तेव्हा त्याचा परिणाम एवढाच झाला की एका बाईच्या डोक्यावर केस राहिले आणि खांबाला डाग पडला. सुधारणेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी असल्या डागांची मोजदाद केलेली नाही.

येथे जुन्याचे गोडवे गाण्याचा मोह आवरणे भाग आहे, कारण तो आत्यांना मुळीच नव्हता. स्वयंपाकघरात उभ्याने काम करण्याचा ओटा घालावा यासाठी भावाच्या मागे सहा वर्षे लागल्या त्या त्याच. चुलीच्या धुराने त्यांचे डोळे अधू झाले होते आणि पाटावरून उठताना गुडघे धरत. गॅसची शेगडी आली त्या दिवशी त्यांनी तिला हळदकुंकू वाहिले, स्वतः कुंकू लावत नसूनही. परसातले टोपल्यांचे संडास गेले याचे दुःख कोणी मानावे हे त्यांच्या कल्पनेतही नसते, आणि वाड्यामागच्या चिंचोळ्या बोळातून येऊन त्या टोपल्या वाहणाऱ्या माणसांना तर त्या वास्तुशैलीचे कौतुक ऐकवणेही निर्लज्जपणाचे होईल. माजघरात ट्यूबलाइट लागली तेव्हा आत्यांनी कवडशाची वाट पाहणे सोडले.

तेव्हा तक्रार उजेडाविषयी असू शकत नाही. ती असेल तर विचारण्याविषयी आहे. वाटणीच्या कागदावर चार भावांच्या सह्या झाल्या. आत्यांचे वडील १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच वारलेले आणि १९९४ च्या महाराष्ट्रातील दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जो वाटा दिला तो त्याआधी लग्न झालेल्यांना नव्हता. म्हणजे दोन्ही कायदे त्यांच्या दारावरून गेले. त्या गेल्या तेव्हा खोलीचा ताबा कोणाकडून घ्यावा लागला नाही, कारण त्यांना खोलीच नव्हती. नूतनीकरणाच्या आराखड्यात तिसऱ्या खणातला खांब ‘शोभेचा’ या शेऱ्यासह दाखवलेला आहे.

केळकर संग्रहालयात कोथरूडहून उचलून आणलेला मस्तानीचा महाल उभा आहे, त्यावरून एखादी खोली सांध्या-सांध्यांनी सोडवून दुसरीकडे पुन्हा जुळवता येते हे सिद्धच झाले आहे. ज्यांच्यासाठी खोल्या उचलल्या जातात ती नावे वेगळी असतात, इतकेच.

खांब तासण्याचे काम ज्या कारागिराकडे होते त्याला तिसऱ्या खणाशी इतर खांबांच्या दुप्पट वेळ लागला. पॉलिश कागदाने घासून वरचा काळेपणा गेला, परंतु तेल प्यायलेल्या लाकडावर पॉलिश धरत नाही. पहिला हात वाळण्याआधीच फुगला, दुसरा एका पावसाळ्यात पापुद्रे होऊन सुटला, आणि अडीच फुटांच्या उंचीवर पसाभर जागा तेवढी मळकट राहू लागली. शेवटी विजेचे काम करणाऱ्याने तोडगा काढला. त्याने तेथे खाच घेऊन पितळी पट्टीचा प्लग बसवला आणि वायर खांबाच्या मागच्या अंगाने खाली नेली. घरातल्या शाळकरी मुलीच्या चार्जरची दोरी आखूड असल्याने मोबाइल लावला की तिला सोफा सोडून जमिनीवर, खांबाला पाठ लावून बसावे लागते.