गंगटोकला जायचंय? आधी हिमोग्लोबिन तपासा

फेब्रुवारी संपत आला की माझ्या ओपीडीत एक वेगळ्या प्रकारचा पेशंट यायला लागतो. त्याला काही होत नसतं. हातात टूर कंपनीचं रंगीत पत्रक असतं आणि म्हणणं एकच, "डॉक्टरसाहेब, फक्त 'फिट आहे' एवढं लिहून द्या." सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडायच्या आत थंड हवेला जायचं असतं. पूर्वी महाबळेश्वर, फार तर उटी असायचं. आता सर्रास सिक्कीम. सात दिवस, गंगटोक, चांगू तलाव, नथुला, लाचुंग, जमलं तर गुरुडोंगमार.

या वर्षी त्या पेशंटांच्या रांगेत मीही आहे. एप्रिलमध्ये आम्ही सहाजण गंगटोकला निघालोय. त्यात माझी ८० वर्षांची आई आहे, आणि दादा आहे. दादाला घेऊन मी एकदा तिथे जाऊन आलोय, आणि ती गोष्ट आजवर कुठल्या पेशंटला सांगितलेली नाही.

२०१२ चा मे महिना. आम्ही दोघं भाऊ, बायका, मुलं. गंगटोकला दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी चांगूमार्गे नथुला. गाडीतून उतरल्यावर सीमेपर्यंत पायऱ्या चढायच्या असतात. मुलं पळत पुढे गेली, मी त्यांच्यामागे. अर्ध्यात मागे वळून बघितलं तर दादा कठड्याला धरून उभा. चेहरा राखेसारखा. ओठ पांढरे. "काही नाही रे, दम लागलाय," म्हणाला आणि तिथेच खाली बसला. नाडी मिनिटाला १३० च्या पुढे. माझ्या खिशात काय होतं? तापाची गोळी, पित्ताची गोळी आणि उलटीची गोळी. एमडी मेडिसिन झालेला माणूस मी, १४ हजार फुटांवर सख्ख्या भावाला घेऊन गेलो होतो आणि जवळ साधा ऑक्सिमीटरही नव्हता. कोविडच्या आधी तो घरोघरी नसायचा हे खरं, पण माझ्या दवाखान्यात होता.

तिथल्या जवानांनी त्याला उचलून आत नेलं, ऑक्सिजन लावला, गरम पाणी दिलं. अर्ध्या तासाने आम्ही खाली निघालो. गंगटोकला पोचेपर्यंत दादा बराच सावरला होता. सगळे म्हणाले, विरळ हवा लागली. मीही तेच म्हणालो.

सोलापूरला आल्यावर वहिनीच्या आग्रहाने त्याचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.८. वर्षभरापासून मूळव्याधीतून रक्त जात होतं आणि त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "धाकट्या भावाला काय दाखवायचं ते!" पण खरी चूक माझी होती. त्याच्या पापण्या खाली ओढून बघायला मला दहा सेकंद लागली असती. आम्ही आठवड्यातून तीनदा एका ताटाला जेवायचो.

आता यातलं शास्त्र सांगतो, म्हणजे मी पेशंटला बूट-स्वेटरच्या आधी रक्ताचं का विचारतो ते कळेल.

डोंगरावर हवेतला ऑक्सिजन कमी होतो असं आपण म्हणतो. खरं तर प्रमाण तेच राहतं, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे प्रत्येक श्वासात आत येणारा ऑक्सिजन घटतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर आहे. गंगटोक साधारण ५,४०० फूट, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढं. एवढ्या उंचीचा बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण गंगटोकहून चांगू तलाव अवघा चाळीसेक किलोमीटर, आणि तो आहे १२ हजार फुटांच्या वर. नथुला १४,१४० फूट. चांगूला एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन सोलापूरच्या साधारण दोन तृतीयांश. गुरुडोंगमारला, म्हणजे सुमारे १७,८०० फुटांवर, तो जवळजवळ निम्म्यावर येतो. गाडीत बसल्या बसल्या दोन-तीन तासांत आपण सात हजार फूट चढतो, आणि शरीराला सवय व्हायला दिवस लागतात.

आता रक्ताचं. हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजनचे टेम्पो समजा. एमआयडीसीतून चादरींचे गठ्ठे घेऊन निघतात तसे. विरळ हवेत प्रत्येक टेम्पो पाऊण भरतो. निरोगी माणूस हे निभावून नेतो, कारण टेम्पो भरपूर असतात आणि हृदय फेऱ्या वाढवतं. दादाकडे मुळात टेम्पोच निम्मे होते. सोलापुरात सपाट रस्त्यावर, दुकानात बसून, तेवढ्यांत भागत होतं. नथुलाच्या पायऱ्यांवर ते अर्धे टेम्पोही अर्धवट भरले आणि गाडी बंद पडली. एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्या. ऑक्सिमीटर फक्त टेम्पो किती टक्के भरलाय ते दाखवतो, टेम्पो किती आहेत ते दाखवत नाही. हिमोग्लोबिन ७ असलेल्या माणसाच्या बोटावर ते यंत्र सोलापुरात खुशाल ९८ दाखवेल. त्यामुळे "साहेब, ऑक्सिजन बघितला, चांगला आहे" एवढ्यावर मी कुणाला फिट लिहून देत नाही. रक्तक्षयाचं प्रमाण आपल्याकडच्या बायकांत किती आहे हे वेगळं सांगायला नको. थकवा येतो, पायऱ्या चढताना धाप लागते, आणि ते वयावर ढकललं जातं. तपासणी स्वस्त आहे आणि रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. जायच्या दोन महिने आधी केली तर लोहाच्या गोळ्यांनी सुधारायला वेळही मिळतो. आदल्या आठवड्यात केली तर फक्त टेन्शन मिळतं.

हृदयाचे पेशंट मला हमखास विचारतात, "ॲन्जिओप्लास्टी झालीय, जाऊ का?" फोनवर याचं उत्तर नसतं. कधी झाली, त्यानंतर छातीत दुखलं का, सोलापुरात दोन मजले न थांबता चढता येतात का, इको काय म्हणतो, हे बघावं लागतं. ज्यांचं सगळं स्थिर आहे ते गंगटोकला जाऊ शकतात, चांगूबद्दल आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठरवावं. ज्यांना घरातल्या जिन्यावर छाती भरून येते त्यांनी तिकीट काढू नये, मग टूरचे पैसे बुडाले तरी बेहत्तर. बीपी थंडीने आणि उंचीने दोन्हींनी वाढतं, तेव्हा यंत्र सोबत ठेवा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोबत घ्याच, सोलापूरकराला ते सांगायची गरज नाही, पण बीपीवाल्यांनी चटणीतल्या मिठाचा हिशेब ठेवावा.

मधुमेहवाल्यांसाठी दोन-तीन गोष्टी. इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकलेली बॅग खाली गोठण्याची शक्यता असते. चांगूला जाताना ते स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला चांगलं वाटलं तरी वापरायचं नाही. ग्लुकोमीटरही कडाक्याच्या थंडीत चुकतो किंवा चालतच नाही, तोही आत उबेत ठेवा. आणि प्रवासात जेवणाची वेळ टळते. शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या उपाशीपोटी महागात पडतात. माझ्या आईला शुगर नाही, पण एकादशी आहे. प्रवासातही ती सोडणार नाही. असे पेशंट तुमच्या घरात असतील तर कॅलेंडर आधी बघा आणि त्या दिवशीच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा.

वळणाच्या रस्त्यावर मळमळ होऊ नये म्हणून गोळी घेतात. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या काकांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. या गोळ्यांनी झोप येते हे सगळ्यांना माहीत असतं, लघवी अडकू शकते हे माहीत नसतं. डोंगरातल्या रस्त्यावर, पुढचं दवाखान्याचं गाव दीड तासावर असताना लघवी तुंबणं काय असतं ते मी ऐकलंय.

कापूर. हा प्रश्न या महिन्यात मला चारदा आला. रुमालात कापराची वडी बांधून हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असं टूरवाले सांगतात. वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. मोठ्यांनी हुंगला तर हुंगू द्या, पण लहान मुलांच्या हातात वडी देऊ नका. पोटात गेली तर कापूर विषारी आहे, थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात. ऑक्सिजनचे छोटे डबे मिळतात ते सलग वापरले तर काही मिनिटांत संपतात. त्यांच्या भरवशावर आजारी माणसाला वर नेऊ नये. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी मात्र खरोखर उपयोगी आहे, आदल्या दिवसापासून सुरू करतात. ती कुणाला द्यायची हे मूत्रपिंड, इतर औषधं आणि सल्फाची ॲलर्जी बघून ठरतं. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नका.

चांगू-नथुलाला लोक सकाळी जातात, दुपारी उतरतात. उंचीचा आजार अंगावर यायला साधारण सहा ते बारा तास लागतात, म्हणून बहुतेकजण सुटतात आणि परत आल्यावर "काही होत नाही हो" असं सांगतात. उत्तर सिक्कीममध्ये तसं नाही. तिथे लाचेनला मुक्काम करून पहाटे अंधारात गुरुडोंगमारकडे निघायचं, म्हणजे एका सकाळीत आणखी आठ-नऊ हजार फूट. माझं स्पष्ट मत आहे की लहान मुलं, म्हातारी माणसं आणि हृदय-फुप्फुसाचे पेशंट यांनी गुरुडोंगमार यादीतून काढावं. जे जातील त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: डोकेदुखी, मळमळ असेल तर तिथून पुढे चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा सरळ रेषेत चालता येईना, तर ताबडतोब खाली उतरायचं. सकाळपर्यंत वाट बघायची नाही. दारू त्या रात्री नको.

औषधं किती न्यायची? मी आठवडा जास्तीची सांगतो. ४ ऑक्टोबर २०२३ ला दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचं सरोवर फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं, तीस्तेच्या पुराने पूल नेले आणि हजारो पर्यटक उत्तर सिक्कीममध्ये अडकले. तेवढं मोठं संकट दरवर्षी येत नाही, पण पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद होणं तिथे नेहमीचं. जून ते सप्टेंबर म्हणूनच टाळा. आकाश सर्वांत स्वच्छ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतं. आम्ही एप्रिल धरलाय तो पुतणीच्या परीक्षेमुळे आणि आईमुळे. आईला बर्फ बघायचाय आणि एप्रिलमध्ये चांगूच्या बाजूला तो बहुधा असतो.

इथे माझी अडचण आहे. आईने चाळीस वर्षं चुलीपुढे काढली. कधी बिडी ओढली नाही, पण फुप्फुसं ओढणाऱ्यासारखी झालीत. दमा नव्हे, सीओपीडी, सौम्य. बसून ऑक्सिजन ९४. छातीच्या डॉक्टरांनी तिला सहा मिनिटं चालवून बघितलं, ९१ पर्यंत उतरला. त्यांनी गंगटोकला आणि विमानाला परवानगी दिली. विमान वर उडत असताना आतला दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तसा असतो, म्हणजे तिच्यासाठी गंगटोकपेक्षा विमानच जास्त उंच. चांगूला मात्र त्यांनी नाही म्हटलं. मीही नाहीच म्हटलं असतं. तंदुरुस्त माणसाचा तिथे ८५-९० दिसतो, तिचा किती खाली जाईल याचा अंदाज मला आहे.

गेल्या रविवारी तिला सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बर्फ दाखवायला नेतोस आणि बर्फापर्यंत नेत नाहीस." मी ताशी व्ह्यू पॉइंटचं सांगितलं, पहाटे ढग नसले तर तिथून कांचनजंगा दिसतो, सगळा बर्फच. "ढग असले तर?" यावर मी काय बोलणार. मग मी म्हणालो की त्या दिवशी मी तुझ्यासोबत हॉटेलवर थांबेन.

"तू माझ्याजवळ थांबलास तर वर दादाबरोबर कोण?"

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रात्री दादाशी बोललो. त्याचं ठरलंय, तो या वेळी नथुला नको म्हणाला. मुलांबरोबर चांगूपर्यंत जाईल, तळ्याकाठी बसेल, पायऱ्या नाहीत. ऑक्सिमीटर जावयाच्या खिशात असेल. पण आधी रक्त तपास, म्हटलं. "मूळव्याध गेली रे कधीच." तरी तपास.

काल दुपारी ओपीडीत असताना त्याचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. १३.६. सोबत काही लिहिलेलं नव्हतं.